इब्राहिमचाचांच्या घरचं थंड मशीन

एअरकंडिशनर बिघडला की माणसं पहिल्यांदा त्याच्या तोंडासमोर हात धरून बघतात. मग खटका दोनतीनदा बंद-चालू करतात. त्यानेही भागलं नाही तर एक हलकी थाप मारतात. हे सगळं करून झाल्यावर मेकॅनिकला बोलावणं जातं. चाळीसएक वर्षं मी असा शेवटी बोलावला जाणारा माणूस होतो. आता कान मंदावले आहेत आणि हातही थरथरतात, म्हणून थोडं लिहून बघतो आहे.

धंदा मी मुंबईत शिकलो. सोराबजी नावाचे वयस्क फोरमन होते, त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. पुढे वडील आजारी पडले म्हणून गावी आलो आणि रेडीला खनिजाच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो. साठ सालानंतरचे ते दिवस. आजूबाजूच्या गावांत अजून कंदीलच होते, पण कंपनीचं स्वतःचं जनरेटर होतं आणि कंपनीच्या प्रयोगशाळेत एक खिडकीतला एअरकंडिशनर होता. तो साहेबांच्या सुखासाठी नव्हता, मातीसाठी होता. जहाजात भरायच्या लोखंडाच्या मातीचा नमुना भट्टीत वाळवून तोलायचा असे. भट्टीतून बाहेर काढला की आपली किनाऱ्याची हवा त्याला पुन्हा ओल चिकटवायची आणि वजन चुकायचं. म्हणून तराजूची खोली कोरडी ठेवावी लागे. लोकांना वाटतं हे मशीन फक्त हवा थंड करतं. ते हवेतलं पाणीही काढून घेतं, आणि आपल्याकडे तेच काम मोठं असतं.

मशीनची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्याच्या पोटात लोखंडाचा एक बंद डबा असतो, तो कॉम्प्रेसर. आतली मोटर गॅस दाबते, गॅस नळ्यांतून फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. डबा कारखान्यातच जोडकाम करून बंद केलेला असतो, आपल्याला तो उघडता येत नाही. आतल्या मोटरला सुरू होताना एक जोराचा धक्का लागतो. तो देणारा डबीसारखा भाग बाहेर बसवलेला असतो, त्याला कपॅसिटर म्हणतात. कपॅसिटर मेला तर मोटर नुसती हुंकार देते, फिरत नाही, आणि थोड्या वेळाने गरम होऊन आपोआप बंद पडते. पण मोटर स्वतःच अडकली किंवा जळली तरीही थेट तसंच होतं. हुंकार दोन्हीकडे सारखा. कोणता आजार आहे हे तारांमध्ये बल्ब जोडून, दिवा लावून तपासावं लागतं, कानाने कळत नाही.

मला मात्र वाटत होतं की कळतं. प्रयोगशाळेचा कॉम्प्रेसर एकदा अडकला, तेव्हा स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक डब्याला लावून मी ऐकल्याबरोबर सांगितलं होतं की हा गेला. मुंबईहून माणूस आला, त्याने तपासलं, आणि तसंच निघालं. तेव्हापासून कंपनीत माझ्या कानाची ख्याती झाली. प्रयोगशाळेचे केमिस्ट नाडकर्णी साहेब पाहुण्यांना सांगत, "आमचा मेस्त्री ऐकून निदान करतो." मला ते आवडायचं. वय सत्तावीस होतं.

कंपनीच्या पडावांवर, म्हणजे जहाजापर्यंत माती नेणाऱ्या मोठ्या होड्यांवर, इब्राहिमचाचा मुकादम होते. त्याआधी तीस वर्षं ते बोटींवर इंजिनघरात होते आणि बॉयलरमध्ये कोळसा घालणाऱ्या आगवाल्यांचे सारंग, म्हणजे प्रमुख, म्हणून निवृत्त झाले होते. उंच, कमी बोलणारे. वाफेचं इंजिन त्यांना आपल्या हाताच्या बोटांइतकं माहीत, पण विजेला ते भीत. बंदराच्या वर, कंपनीच्या विजेच्या तारेजवळच त्यांचं घर होतं, म्हणून मॅनेजरसाहेबांनी त्यांना एक जोडणी दिली होती. त्या जोडणीवर त्यांच्या घरी दुसरा एअरकंडिशनर चालायचा. सगळ्या पंचक्रोशीत मिळून ही दोनच मशिनं.

तो आमिनाचाचीसाठी होता. अकरा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात रॉकेलचा भडका उडून चाची भाजली होती. मान, पाठ आणि दोन्ही दंड. जीव वाचला, पण भाजून आलेल्या कातडीला घाम येत नाही, हे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा या दोघांना कळलं. घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. चैत्र लागला की तिला ताप चढायचा, उलट्या व्हायच्या, ती बरळायची. त्यांचा मुलगा आखाती बोटीवर होता. त्याने कुवेतहून एक वापरलेलं मशीन बोटीने पाठवलं. ते भिंतीत बसवलं मीच. पहिल्या दिवशी खोली थंड झाली तेव्हा चाची चटईवर पालथी पडली आणि संध्याकाळपर्यंत झोपली. चाचा दाराबाहेर बसून होते. मला म्हणाले, "अशी झोपलेली बघूक नाय मी तिका."

पुढचे दोन उन्हाळे बरे गेले. मी महिन्याला जाऊन जाळी धुवायचो, खाऱ्या हवेने धरलेला गंज खरवडायचो, पंख्याला तेल द्यायचो. चाची शेवयांची खीर पुढे ठेवायची. ती घराबाहेर कधीच दिसत नसे. माझ्यासमोरही मानेवरून पदर घट्ट ओढून घ्यायची.

तिसऱ्या वर्षी चैत्रातच मशीन बंद पडलं. चाचा स्वतः प्रयोगशाळेच्या दाराशी आले.

"सदा, मशीन नुसता हूं करता आणि बंद पडता."

त्या दिवशी बंदरात जहाज उभं होतं, प्रयोगशाळेत नमुन्यांची रांग होती, आणि दोन वायरिंगची कामं माझ्या अंगावर होती. जेवणाच्या सुट्टीत धावत गेलो. चाची ओल्या पंच्याने तोंड पुसत भिंतीला टेकली होती. मी खटका दाबला. हुंकार आला. स्क्रूड्रायव्हर डब्याला लावून कान दिला. तोच आवाज, प्रयोगशाळेत ऐकलेला. निदान मला तरी तोच वाटला.

"कॉम्प्रेसर गेला, चाचा," मी म्हणालो. "मुंबईला पाठवावा लागेल."

"नक्की?"

"नक्की."

"मेस्त्री सांगता म्हणजे तसाच आसतला," चाचा चाचीला म्हणाले.

दिव्याची तपासणी करायला मला अर्धा तास लागला असता. बल्ब आणि वायर माझ्या पिशवीत होती. मी पिशवी उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी चौघांनी मशीन उचलून गाडीवर घातलं, बैलगाडीने वेंगुर्ल्याला आणि तिथून आगबोटीने मुंबईला, सोराबजींच्या पत्त्यावर. मी सोबत चिठ्ठी दिली की कॉम्प्रेसर जळला आहे, बदलून द्या.

त्यानंतरचे दहा दिवस मला आजही नीट आठवतात. मी वाळ्याचा पडदा करून त्यावर पाणी झिरपवलं आणि मागे टेबलपंखा लावला. कोरड्या मुलखात त्याने गारवा येतो. आपल्याकडे हवा आधीच पाण्याने भरलेली, खोली नुसती ओलीचिंब झाली. चाचा ओल्या चादरी बदलत राहिले. पडावावरचं काम त्यांनी सोडून दिलं होतं. चौथ्या दिवशी चाचीचा ताप इतका चढला की तिने मला आपल्या मुलाच्या नावाने हाक मारली. मी हो म्हटलं.

दहाव्या दिवशी मी नाडकर्णी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. साहेब एकटे राहणारे, अतिशय शिस्तीचे. तराजूच्या खोलीत ते मलाही चपला काढून यायला लावायचे. तिथला तराजू काचेच्या पेटीत असे. कोणी जवळून चाललं तरी काटा हलायचा.

"साहेब, दुपारचे तीन तास चाचीला तराजूच्या खोलीत बसू द्या."

"प्रयोगशाळा आहे मेस्त्री, दवाखाना नाही."

"ती मरेल, साहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हलायचं नाही म्हणावं. खुर्चीवर बसायचं. मी तोलत असताना श्वाससुद्धा जपून."

मी चाचांच्या घरी धावलो. चाचा लगेच उठले, पण चाची मान हलवू लागली.

"माणसां बघतली माका," ती म्हणाली.

घरापासून प्रयोगशाळेपर्यंत पाऊण मैलाची वाट, बाजारातून जाणारी. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांची तिथे सतत ये-जा. चाचा तिच्याजवळ खाली बसले.

"बघूंदेत," ते म्हणाले. "मी बाजूक आसंय."

ती जाड चादर डोक्यावरून पांघरून निघाली. त्या उन्हात, त्या तापात, चादर. चाचांनी तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. मी मागून चाललो होतो. बाजारात बोलणं थांबलं. सगळे फक्त बघत राहिले. मला वाटतं तो पाऊण मैल चालायला आम्हाला तास लागला असेल.

तराजूच्या खोलीत नाडकर्णी साहेबांनी कोपऱ्यात खुर्ची ठेवली होती आणि खुर्चीवर स्वतःची उशी. चाची बसली.

"हालूचंय नाय मी," तिने त्यांना सांगितलं.

साहेबांना मालवणी फारशी यायची नाही, पण त्यांना ते कळलं. ती खरंच हलली नाही. तासाभराने तिने चादर खांद्यावर सोडली. साहेब तोलत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. ते मुद्दाम पाहत नव्हते, हे मला दारातून दिसत होतं.

मग ती रोज येऊ लागली. पहिला आठवडा चाचांबरोबर. पुढे पडावाचं काम अडू लागलं तसे चाचा तिला सोडून जायचे. तिसऱ्या आठवड्यात ती एकटी आली. पाट्यावाल्या बायकांतली एक, येसू नावाची, तिच्याबरोबर चालत यायची आणि पाटी खाली ठेवून दारापर्यंत सोडायची. साहेबांनी मला एकदा हळूच विचारलं, "तुमच्या चाचींना काही वाचायला आवडेल का?" चाचीला वाचता येत नव्हतं. मग साहेब नमुन्यांच्या रिकाम्या कापडी पिशव्या तिच्याकडे द्यायचे आणि ती उसवलेली शिवण घालून द्यायची. हवा न हलवता.

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या थोड्या आधी मशीन परत आलं. पेटीवर माझं नाव होतं, म्हणून वेंगुर्ल्याहून आणायला मीच गेलो. आत सोराबजींची चिठ्ठी होती. सोराबजी कधी लांब लिहीत नसत.

"कॉम्प्रेसर तंदुरुस्त आहे. कपॅसिटर मेला होता, नवा घातला. तू दिवा लावून पाहिला नाहीस."

बैलगाडीत मशीनच्या शेजारी बसून मी ती चिठ्ठी परत परत वाचत होतो. असला कपॅसिटर माझ्या कपाटात पडला होता. प्रयोगशाळेसाठी आणलेला, जादा. त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, खीर खाऊन मी तो बदलू शकलो असतो. सहा आठवडे. त्यातले पहिले दहा दिवस कसे होते ते मी पाहिलं होतं.

चिठ्ठी फाडून टाकली असती तर कोणाला कळलं नसतं, हेही मनात आलं. नाही आलं असं लिहिणं खोटं होईल. वाटेतल्या शिरोड्यापर्यंत ते मनात होतं. मग वाटलं, चाची मला मुलाच्या नावाने हाक मारताना मी हो म्हटलं आहे. त्याच घरात आता खोटं कसं बोलायचं.

मशीन भिंतीत बसवलं, चालू केलं, खोली थंड झाली. मग मी चाचांना चिठ्ठी वाचून दाखवली.

"म्हणजे मशीनाक काय झालाच नव्हता?"

"कपॅसिटर गेला होता. माझ्याकडे होता तो. मी तपासलं नाही."

"कित्याक?"

मी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणालो, "मला वाटलं मला आवाजावरून कळतं."

चाचा उठून बाहेर गेले आणि बंदराकडे चालू लागले. चाची चटईवर बसली होती. तिने नेहमीप्रमाणे खिरीची वाटी पुढे सरकवली. ती मला खाववेना. तरी खाल्ली.

सगळा पावसाळा आणि पुढचा हिवाळा चाचा माझ्याशी बोलले नाहीत. कामापुरतंसुद्धा नाही. पडावावर बल्ब बदलायचा असला तर दुसऱ्याकरवी निरोप यायचा. महिन्याच्या तपासणीला जायचो तेव्हा ते घराबाहेर पडायचे. मी आता दर वेळी दिवा लावून बघत होतो, न बिघडलेल्या मशीनलासुद्धा.

फाल्गुनात एक दिवस ते प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"ता मशीन माका शिकव," ते म्हणाले. "परत कोणाच्या कानार विश्वास ठेवूचो नाय माका."

"विजेचं काम आहे, चाचा."

"मी तीस वर्सां बॉयलरापुढे काडलंय. शिकव."

तीन रविवार मी त्यांना शिकवलं. आधी प्लग काढायचा. मग कपॅसिटरच्या दोन टोकांना प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आडवा लावून त्यातली उरलेली वीज मारायची, कारण मशीन बंद असलं तरी ती चावते. कॉम्प्रेसरला तीन पिना असतात, त्यांच्या वायरी सोडवायच्या. मग भिंतीवरच्या खटक्यावरून आलेल्या, शंभर वॅटचा बल्ब मध्ये जोडलेल्या दोन तारा घ्यायच्या आणि त्यांची टोकं दोन दोन पिनांना लावून बघायची. तिन्ही जोड्यांवर दिवा पेटला तर आतली तार धड आहे. मग एक टोक पिनेला आणि दुसरं डब्याच्या लोखंडाला. तिथे दिवा पेटता कामा नये. पेटला तर मोटर आतून लोखंडाला लागली आहे. शेवटी कपॅसिटर. तो चांगला असेल तर दिवा मंद पेटतो, भगभगीत पेटला किंवा मुळीच पेटला नाही तर गेला.

पहिल्या दिवशी चाचा प्लग काढला आहे ना हे तीन-तीनदा बघत होते. तिसऱ्या रविवारी त्यांचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते. अडचण डोळ्यांची होती. मोतिबिंदू उतरत होता, आणि दिवसाउजेडी दिवा मंद की भगभगीत हे त्यांना दिसेना. त्यांनी बल्ब चाचीकडे दिला. ती तो पदराच्या आडोशाला धरून बसली.

"पेटलो?"

"पेटलो."

"बारीक काय मोठो?"

"बारीक. मगाचपेक्षा बारीक."

"म्हणजे बरो आसा," चाचा म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर मा?"

"बरोबर, चाचा."

त्यानंतर त्या घरातलं मशीन मला फारसं उघडावं लागलं नाही. दर महिन्याला ते दोघंच उघडायचे. मला बोलावलं जाई ते नळ्यांचं जोडकाम किंवा गॅस भरण्यासाठी. गेलो की चाचा उभे राहून प्रत्येक गोष्ट बघायचे आणि मी दिवा लावायला विसरतो का, याच्यावर डोळा ठेवायचे. मी विसरलो नाही. पुढे मालवणात, सावंतवाडीत, नंतर पुन्हा मुंबईत शेकडो मशिनं तपासली, पण दिव्याआधी निदान कधी सांगितलं नाही. हाताखालच्या माणसांना वाटायचं, म्हातारा हळू आहे.

चारेक वर्षांनी मी रेडीची नोकरी सोडली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा चाचा पडावावर होते. चाची एकटीच होती. मी तिला म्हणालो, "चाची, ते सहा आठवडे माझ्या मनातून जात नाहीत."

तिने शिवण मांडीवर ठेवली. पिशव्यांचं शिवणकाम आता ती कंपनीसाठी नेहमीच करायची.

"ते धा दिवस वायट होते," ती म्हणाली. "तेतूर मी मेलंय आसतंय. ता मी तुका कमी करून सांगूचंय नाय."

मी मान खाली घातली.

"पण एक सांगतंय. भाजल्यार अकरा वर्सां मी ह्या उंबऱ्याच्या भायर पाय टाकूक नाय. मशीन इला आणि मी आणखीच आत गेलंय. थंड खोली, दार बंद, कोण बघणा नाय. माका वाटा, आता हय सुखान मराचा. मगे तू चुकलंस आणि माका बाजारातसून चलत जावक लागला."

तिने सुई पिशवीला टोचून ठेवली.

"ह्या चाचांक सांगू नको. तेंका अजून तुझो राग धरूक आवडता."

मी हसलो आणि डोळे पुसले. ती उठली. "चल, बाजारापर्यंत येतंय. येसूकडे पिशवे पोचवूचे आसत." चार वाजले होते, ऊन उतरत होतं. तिने पिशव्यांचं बोचकं काखेत घेतलं आणि डोक्यावरून पदर घेतला, पण मानेवर ओढला नाही. पायऱ्या उतरताना ती माझ्या पुढे होती. भाजलेली मान उन्हात चकाकत होती. खाली रस्त्यावर पाट्यावाल्या बायका परतत होत्या. त्यांच्यातल्या कोणीतरी विचारलं, "चाची, खंय चललंस गो?"

"बाजारात," ती म्हणाली, आणि चालत राहिली.